दुरुस्तीची वही

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय संगणकाइतकाच हिशेबाचाही आहे. एखादा प्रोग्रॅम नव्या संगणकावर बसवताना ज्या अडचणी येतात त्या दूर केल्यावर त्यांची नोंद का व कशी ठेवावी, हे सांगावे एवढाच या लेखाचा हेतू. लिहिण्याचे निमित्त मात्र पुस्तकी नाही. ते प्रथम सांगतो.

आमचे मूळ गाव पांढुर्णा आणि माझे आजोळ सौंसर. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही बेळगावी राहतो. घरात मराठी आणि बाहेर बरीचशी कन्नड, असा माझा व्यवहार चालतो. शाळा मात्र दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते वेगळे काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. मध्य प्रदेशात असूनही हा भाग मराठी बोलणारा आणि शेजारच्या नागपूर जिल्ह्याप्रमाणेच संत्र्यांचा आहे. माझे मामा संत्र्यांच्या बागा विकत घेतात, तोडाई करवून घेतात आणि माल बाहेरगावी पाठवतात.

मामांच्या कामाचा हिशेब ठेवण्यासाठी मामेभावाने व मी मिळून पायथॉन या संगणकीय भाषेत एक लहानसा प्रोग्रॅम तयार केला. कोणत्या बागेतून किती कॅरेट निघाले, कोणत्या मजुराची किती दिवस हजेरी लागली, कोणी किती उचल घेतली आणि आठवड्याअखेर कोणाला किती द्यायचे, इतकेच त्यात होते. मे २०२४ च्या सुट्टीत तो मी मामांच्या संगणकावर बसवला. बसवताना एक त्रुटी आली. इकडेतिकडे शोधून ती तासाभरात दूर केली. प्रोग्रॅम चालू झाला, मामींनी चहा दिला आणि तो विषय संपला. काय केले ते मी कोठेही लिहून ठेवले नाही.

त्याच वर्षीच्या दिवाळीत, आंबिया बहाराची तोडाई चालू असताना, त्या संगणकाची डिस्क बंद पडली. हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर होती, त्यामुळे आकडे सुरक्षित होते. नवा संगणक आला. पण त्यावर प्रोग्रॅम काही केल्या बसेना. मामा म्हणाले, “तूच तं बसवलं होतं ना मे महिन्यात? मग आता काऊन बसत नाही?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. मे महिन्यात मी पोस्टग्रेस हे विदा साठवण्याचे सॉफ्टवेअर पुन्हा बसवले आणि त्यामुळे त्रुटी गेली, अशी माझी पक्की आठवण होती. ती आठवण चुकीची होती. त्या चुकीच्या आठवणीपायी अर्धा दिवस गेला आणि एकूण दोन दिवस मोडले.

मधल्या बाजाराच्या दिवशी मजुरी द्यायची होती. मामांनी रात्री बसून चिठ्ठ्यांवरून हिशेब केला. त्यात एका बाईंची अडीच दिवसांची हजेरी राहून गेली. त्यांनी तक्रार केली नाही. पुढे प्रोग्रॅम चालू झाल्यावर ती रक्कम बाकी दिसली, तेव्हा मामांनी ती दिली. परंतु मधले आठ दिवस त्या घराला ते पैसे मिळाले नव्हते. माझ्या न लिहिलेल्या चार ओळींची किंमत माझ्याऐवजी त्यांनी भरली, ही गोष्ट मला लागून राहिली.

१. डिपेन्डन्सी म्हणजे काय?

आजचा कोणताही प्रोग्रॅम स्वयंपूर्ण नसतो. तारखांचा हिशेब, तक्ते, विद्याशी संपर्क अशी नेहमीची कामे करणारी तयार पॅकेजे जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेली असतात, आणि प्रोग्रॅम त्यांच्या आधारावर उभा राहतो. या आधाराच्या पॅकेजांना डिपेन्डन्सी म्हणतात. ती पॅकेजे पुन्हा दुसऱ्या पॅकेजांवर अवलंबून असतात. पायथॉनमध्ये ती आणून बसवण्याचे काम ‘पिप’ नावाचे साधन करते.

हे अवलंबित्व किती खोल जाते याचे प्रसिद्ध उदाहरण २२ मार्च २०१६ चे आहे. जावास्क्रिप्ट भाषेच्या ‘एनपीएम’ या पॅकेजभांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले. त्यात अवघ्या अकरा ओळी होत्या. शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणे एवढेच त्याचे काम. पण ते नाहीसे होताच त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष विसंबलेले असंख्य प्रकल्प जगभर अडून बसले आणि भांडारचालकांना ते दोनएक तासांत परत ठेवावे लागले.

परंतु पॅकेज नाहीसे होणे विरळा. नेहमीची अडचण असते ती मेळ न बसण्याची. आमच्याकडचे उदाहरण देतो. पांढुर्णा हे नागपूर-इटारसी या रुंद लोहमार्गावर, म्हणजे १६७६ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर आहे. सौंसर हे नागपूर-छिंदवाडा मार्गावर. तो मार्ग गेल्या दशकात रुंद होईपर्यंत ७६२ मिलिमीटरचा अरुंद मार्ग होता. दोन्ही रूळ नीट, दोन्ही डबे नीट. तरीही एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चढणे अशक्य होते. डिपेन्डन्सीच्या बहुतेक त्रुटी अशाच असतात. प्रोग्रॅम एका आवृत्तीसाठी लिहिलेला असतो आणि संगणकावर दुसरीच आवृत्ती असते.

२. आम्हाला आलेल्या तीन त्रुटी

पुढील त्रुटी पुष्कळांना येतात, म्हणून त्या कारणांसह देतो. संदेश येथे नागरी लिपीत दिले आहेत. वहीत मात्र ते यंत्र दाखवील तसेच, रोमन अक्षरांत उतरवावेत.

(अ) ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’. जुन्या संगणकावर उबुंटू या मुक्त कार्यप्रणालीची २२.०४ ही आवृत्ती होती, नव्यावर २४.०४. नव्या आवृत्तीत, कार्यप्रणालीच्या स्वतःच्या पायथॉनमध्ये पिपने परस्पर पॅकेजे घालू नयेत अशी व्यवस्था आहे; कारण त्या पायथॉनवर कार्यप्रणालीची स्वतःची कामेही चालतात. उपाय असा की प्रकल्पासाठी ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’, म्हणजे स्वतंत्र कप्पा, तयार करावा आणि पॅकेजे त्यात बसवावीत. हा अडथळा बळेच ओलांडण्याची एक आज्ञाही संदेशात सुचवलेली असते. ती वापरण्याचा मोह टाळावा. तिच्या नावातच कार्यप्रणालीची पॅकेजे मोडण्याचा इशारा आहे.

(आ) ‘पीजी-कॉन्फिग एक्झिक्युटेबल नॉट फाउंड’. पायथॉनला पोस्टग्रेसशी जोडणारे ‘सायकोपीजी-२’ हे पॅकेज मूळ संहितेपासून बांधावे लागते, तेव्हा त्याला सी भाषेचा कंपायलर आणि पोस्टग्रेसच्या विकासक फायली लागतात. त्या फायली ‘लिबपीक्यू-डेव्ह’ या कार्यप्रणालीच्या पॅकेजात असतात. पोस्टग्रेस कितीही वेळा पुन्हा बसवले तरी ते पॅकेज आपोआप येतेच असे नाही. मे महिन्यात मी नेमके तेच बसवले होते आणि विसरलो होतो. ‘सायकोपीजी-२-बायनरी’ हे आधीच बांधलेले पॅकेज घेणे हा दुसरा मार्ग आहे. मात्र तो शिकण्यासाठी व चाचणीसाठी ठीक, नेहमीच्या कामासाठी मूळ पॅकेज बांधून घ्यावे, असे त्या पॅकेजाचेच कर्ते सांगतात.

(इ) ‘नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स’. पायथॉनमध्ये पूर्वीपासून असलेला ‘डिस्टयुटिल्स’ हा भाग ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला. आमच्या यादीत ‘नमपाय’ या गणिती पॅकेजाची जुनी आवृत्ती ठरवून दिलेली होती, तिला बांधणीच्या वेळी तो भाग हवा होता. पायथॉन ३.१२ ला चालणारे नमपाय १.२६ पासून मिळते. म्हणून नमपाय वाढवले, त्याबरोबर तक्त्यांचे ‘पांडाज’ हे पॅकेजही वाढवावे लागले. पांडाजच्या २.० या आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २०२३ पासून, तक्त्याला ओळी जोडण्याची ‘अपेंड’ ही जुनी पद्धत रद्द झालेली आहे. त्यामुळे प्रोग्रॅममध्येही दोन ठिकाणी बदल करावा लागला. एक दुरुस्ती दुसऱ्या दुरुस्तीला कशी जन्म देते, हे यावरून दिसून येईल.

३. पॅकेजांची यादी पुरेशी का नाही?

येथे कोणी विचारील की बसवलेल्या पॅकेजांची यादी ठेवली तर वेगळी वही कशाला? यादी आम्हीही ठेवली होती. ‘पिप फ्रीझ’ ही आज्ञा दिली की पायथॉनच्या सर्व पॅकेजांची नावे आवृत्तीसह मिळतात, आणि ती यादी प्रकल्पाबरोबर ठेवणे आवश्यकच आहे. परंतु तिच्या मर्यादा दोन. पहिली ही की कार्यप्रणालीची पॅकेजे तिच्यात येत नाहीत. लिबपीक्यू-डेव्हचे नाव आमच्या यादीत नव्हते, आणि येणेही शक्य नव्हते. दुसरी ही की यादी ‘काय’ ते सांगते, ‘का’ ते सांगत नाही. नमपायची जुनी आवृत्ती काही कारणाने ठरवून दिली होती की ती केवळ त्या दिवशी मिळाली म्हणून तशी राहिली, हे यादीवरून कळेना. त्यामुळे ती बदलायला आम्ही उगाच घाबरलो. वर्षअखेरच्या मालसाठ्याच्या यादीवरून माल किती ते कळते, तो त्या भावाने का घेतला ते कळत नाही, तसेच हे.

४. हिशेबशास्त्राचा आधार

आपण वाणिज्य शाखेत ‘चूक-दुरुस्ती’ हे प्रकरण शिकतो. रोजकीर्दीत चूक झाली तर खाडाखोड करायची नाही, पान फाडायचे नाही. मूळ नोंद तशीच ठेवून दुरुस्तीची स्वतंत्र नोंद करायची आणि तिच्याखाली स्पष्टीकरण लिहायचे. स्पष्टीकरण नसलेली नोंद बेरजेला जुळेल, पण हिशेबतपासनीसाच्या उपयोगी पडणार नाही.

या नियमाचे महत्त्व आता कायद्यानेही वाढले आहे. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी, कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद राहणे आणि ती बंद करता न येणे बंधनकारक आहे. हिशेबातील प्रत्येक फेरबदलाचा माग ठेवायचा, पण तो हिशेब ज्यावर चालतो त्या प्रोग्रॅमच्या दुरुस्तीचा माग मात्र कोणाच्या तरी डोक्यात ठेवायचा, ही विसंगती नव्हे काय?

हा प्रश्न फक्त घरगुती प्रोग्रॅमचा नाही. मुंबईच्या डिजिटल फ्रीडम फाउंडेशनने श्री. कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने ‘ग्नूखाता’ ही मुक्त हिशेबप्रणाली विकसित केली. तीही पायथॉन आणि पोस्टग्रेस यांवरच उभी आहे. अशा मुक्त सॉफ्टवेअरची संहिता कोणालाही घेता येते. पण ती आपल्या यंत्रावर प्रत्यक्ष चालण्यासाठी पुष्कळदा संहितेपेक्षा बसवण्याच्या नोंदीच अधिक उपयोगी पडतात. वाणिज्य शाखेच्या ज्या विद्यार्थ्याला संहिता लिहिता येत नाही, त्यालाही या नोंदी लिहून अशा कामात भाग घेता येईल.

५. नोंद कशी करावी?

दोन दिवसांच्या त्या अनुभवानंतर मी एक साधी दोनशे पानी वही घातली. प्रत्येक दुरुस्तीसाठी सात रकाने आहेत. ते असे :

पहिला, तारीख आणि यंत्र. कार्यप्रणालीची व पायथॉनची आवृत्ती अवश्य लिहावी. आवृत्तीवाचून उपाय लिहिणे म्हणजे वजनाचे माप न सांगता भाव सांगणे होय.

दुसरा, दिलेली आज्ञा. ती अक्षरशः उतरवावी.

तिसरा, त्रुटीचा संदेश. येथे एक सावधगिरी हवी. लांबलचक संदेशाची शेवटची ओळ बहुधा ‘उपप्रक्रिया त्रुटीसह संपली’ एवढेच सांगते, आणि दोष पिपचा नसावा असेही तेथेच म्हटलेले असते. खरे कारण वरच्या ओळींत असते. शेवटच्या ओळीवरून शोध घेणारा हजार निरनिराळ्या आजारांची औषधे गोळा करीत बसतो. वरून वाचत यावे व ‘नॉट फाउंड’ किंवा ‘नो मॉड्यूल’ अशी पहिली ठोस तक्रार वहीत घ्यावी. संदेशाचे भाषांतर करू नये. तोच शब्द पुढे शोधायला उपयोगी पडतो.

चौथा, कारण. ते एका वाक्यात लिहावे. कारण कळले नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे. तेरीज जुळत नाही तेव्हा आपण फरक उचंत खात्यात टाकतो, पण ते खाते कायमचे उघडे ठेवत नाही. कारण न कळता लागू पडलेला उपायही असाच उचंत समजावा आणि सवड होताच त्याचा निकाल लावावा.

पाचवा, न चाललेले उपाय. हा रकाना पुष्कळांना निरुपयोगी वाटतो. परंतु ‘पोस्टग्रेस पुन्हा बसवले, उपयोग नाही’ ही एक ओळ माझ्याजवळ असती तर माझा अर्धा दिवस वाचला असता.

सहावा, चाललेला उपाय. क्रमाने, एका ओळीत एकच कृती. पॅकेजाचे नाव नीट पाहावे. प्रोग्रॅममध्ये वापरायचे नाव आणि बसवायच्या पॅकेजाचे नाव नेहमी एकच असते असे नाही. चित्रांसाठी प्रोग्रॅममध्ये ‘पीआयएल’ असे लिहितात, पण बसवायचे पॅकेज ‘पिलो’ असते. चुकीच्या नावाने भलतेच, प्रसंगी घातकही, पॅकेज येऊ शकते. पासवर्ड मात्र या वहीत कधीही लिहू नये.

सातवा, पडताळा. प्रोग्रॅम उघडला म्हणजे दुरुस्ती झाली असे नव्हे. आम्ही पांडाजची आवृत्ती बदलल्यावर मागील आठवड्याच्या मजुरीची बेरीज काढून ती जुन्या छापील पत्रकाशी ताडून पाहिली. बेरीज जुळली तेव्हाच नोंद पूर्ण केली. राहिलेली अडीच दिवसांची हजेरीही या ताळमेळाच्या निमित्तानेच सापडली.

नमुन्यादाखल वहीतील एक नोंद थोडक्यात देतो :

‘नोव्हेंबर २०२४. उबुंटू २४.०४, पायथॉन ३.१२. आज्ञा : पिपने यादीतील सर्व पॅकेजे बसवणे. संदेश : पीजी-कॉन्फिग एक्झिक्युटेबल नॉट फाउंड. कारण : सायकोपीजी-२ च्या बांधणीस पोस्टग्रेसच्या विकासक फायली हव्यात. न चाललेले : पोस्टग्रेस पुन्हा बसवणे, संगणक बंद करून चालू करणे. उपाय : कार्यप्रणालीतून लिबपीक्यू-डेव्ह, पायथॉन-३-डेव्ह व बिल्ड-इसेन्शियल ही तीन पॅकेजे बसवली, मग तीच आज्ञा पुन्हा दिली. पडताळा : प्रोग्रॅमने जुना विदा उघडला, मजुरांची संख्या बरोबर.’

लिहायला दहा मिनिटे लागली.

६. नोंदीची परीक्षा

आपण लिहिलेले आपल्याला नेहमीच कळते, म्हणून नोंदीची परीक्षा दुसऱ्याने करावी. बेळगावी परतल्यावर मी वही वर्गातील एका कन्नडभाषिक मित्रापुढे ठेवली. त्याला मराठी कामापुरती वाचता येते. त्याच्या संगणकावर नवे उबुंटू बसवून, मी शेजारी मुकाट बसायचे आणि त्याने केवळ वहीवरून प्रोग्रॅम चालवायचा, असे ठरले. तो दोन ठिकाणी अडला. स्वतंत्र कप्पा तयार करण्याच्या सोयीचे वेगळे पॅकेज उबुंटूमध्ये आधी बसवावे लागते, हे मी लिहिले नव्हते. आणि खिडकी बंद करून पुन्हा उघडली की तो कप्पा पुन्हा चालू करावा लागतो, हेही लिहिले नव्हते. दोन्ही गोष्टी मला इतक्या अंगवळणी पडल्या होत्या की त्या सांगायच्या असतात हेच सुचले नाही. त्या ओळी घातल्यावर तो पाऊण तासात शेवटपर्यंत गेला. माझ्या मराठी वाक्यांपाशी तो क्वचित थबकला. पण त्रुटीचे संदेश आणि आज्ञा जशाच्या तशा असल्याने तेथे त्याला भाषेची अडचण आली नाही. आता तो त्याच वहीची कन्नड प्रत तयार करीत आहे.

७. समारोप

सारांश, बिघाड दूर झाला म्हणजे काम संपले, ही समजूत आपण सोडली पाहिजे. जी दुरुस्ती दुसऱ्याला पुन्हा करता येत नाही ती अर्धीच झालेली असते. पॅकेजांची यादी प्रकल्पाबरोबर ठेवावी, त्याशेजारी दुरुस्तीची वही ठेवावी, आणि नवी आवृत्ती आली की जुनी नोंद न खोडता तिच्याखाली नवी लिहावी.

वहीची एक प्रत आता सौंसरला मामांच्या कपाटात, हजेरीच्या रजिस्टरांजवळ ठेवली आहे. मामेभावाने मागच्या सुट्टीत, मी तेथे नसताना, तिच्या आधारे प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावर बसवला आणि शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने आठवी नोंद केली. आपल्या महाविद्यालयाच्या संगणक-कक्षातही अशी एक वही असावी आणि ती मराठी, कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहिली जावी, अशी प्राध्यापकवर्गाला व विद्यार्थी मित्रांना माझी विनंती आहे. पहिल्या सात नोंदी द्यायला मी तयार आहे.